सहाचा पाढा आणि एक कासव

मला कासव नकोच होतं. मला किल्ली हवी होती.

स्कूटरची किल्ली आमच्या घरात कुठे कुठे सापडू शकते याची मी एकदा यादी करायला बसलो होतो. देव्हाऱ्यातली अक्षतांची वाटी, तुळशीवृंदावनाचा कोनाडा, फ्रीजमधला अंड्यांचा कप्पा, परसातल्या नळाचा कट्टा, कालच्या शर्टाचा खिसा, तो शर्ट भिजत घातलेली बादली, आणि एकदा तर रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरलाच लटकलेली, असं सगळं व्यवस्थित क्रमांक घालून लिहून काढलं आणि संध्याकाळी बघतो तर यादी हरवलेली.

शेवटी ही वैतागून म्हणाली, "अहो, किल्लीला काहीतरी ढळढळीत दिसेल असं बांधा. नाहीतर मीच कढीची पळी बांधून देते." आता, हायस्कुलात होतो तोवर मी सर होतो, निवृत्त झाल्यावर गावाने मला मास्तर केलं, आणि उद्या स्कूटरला पळी लोंबकळवत चोपड्याच्या सर्कलवरून गेलो तर गाव मला पुढची कुठली पदवी देईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा किल्लीला शोभेलसं काही मिळतंय का बघायला आम्ही दोघं मोरजीला गेलो.

चोपड्याहून मोरजी म्हणजे नदीच्या काठाकाठाने गेलं की आलंच. पूर्वी शिवोलीहून चापोरा ओलांडायला फेरीबोट होती तेव्हा निदान बोट लागेपर्यंत तरी परगावची माणसं आमच्या गावात उभी राहायची, चहा प्यायची, 'हवा छान आहे हो तुमच्याकडे' म्हणायची. पूल झाला आणि आमचं गाव म्हणजे एक वळण झालं. गाड्या येतात, डावीकडे वळतात आणि मोरजीला जातात, जिथे पाट्या रशियन भाषेत आहेत आणि बाकी सगळं कासवांचं आहे. कासवांचं म्हणजे खरोखरच. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री टेंबाच्या वाळूत येतात, खड्डा करून एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि मागे वळूनही न बघता समुद्रात निघून जातात. पुढचा दीड-दोन महिन्यांचा पहारा वनखात्याच्या माणसांकडे. त्यामुळे तिथल्या दुकानांतून टी-शर्टवर कासव, कपावर कासव, फ्रीजवर चिकटवायचं कासव. आणि एका दुकानात, खुंटीला टांगलेलं, क्रोशाने विणलेलं, पोटात कापूस भरलेलं, बोटभर लांबीचं हिरवं कासव. खाली कडी. कडीत किल्ली घालायची.

"साडेचारशे," दुकानातली मुलगी म्हणाली.

साडेचारशे रुपयांत सुंगटांचा बऱ्यापैकी वाटा येतो, आणि तो खाताही येतो. मी कासव उलटंसुलटं करून बघितलं, जाणकार माणूस बघतो तसं नाकाजवळ नेलं आणि म्हणालो, "हे तर मी घरी करीन."

हे वाक्य मी आजवर पाण्याच्या पंपाबद्दल, चतुर्थीच्या माटोळीच्या मांडवाबद्दल आणि एकदा आमच्या जावयाच्या केसांबद्दलही उच्चारलेलं आहे. दर वेळी ही शेजारी उभी असते.

"करा," ही म्हणाली.

माझ्या आत्मविश्वासाला आधार नव्हता असं नाही. आमची आई क्रोशा करायची. तुम्हाला आठवत असेल, त्या काळी घरातली कुठलीही वस्तू उघडी ठेवणं अब्रूला धरून नव्हतं. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, ट्रंकेवर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर कडेने मणी ओवलेली जाळी, दारावर तोरण, लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाला झालर, आणि टीव्ही आला तेव्हा टीव्हीच्या डोक्यावर रुमाल आणि रुमालावर बाहुली. वडील एका जागी फार वेळ बसले तर त्यांच्यावरही काहीतरी पांघरलं जाईल अशी परिस्थिती होती. हे सगळं आई एकीकडे डाळीला फोडणी देत, दुसरीकडे माझा पाढा म्हणून घेत, हाताकडे न बघता करायची. गुण रक्तातून येतात असं मी ऐकून होतो. रक्तातून मधुमेह आला.

सुई आणि सूत आणायला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कुठलं देऊ? मिल्क कॉटन?" मी विचारलं, "त्यात दूध किती?" त्याने माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि पुढचा सगळा व्यवहार हिच्याशी केला. अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, हिरवं सूत, फिकट पिवळं सूत, मागे वॉशर असलेले प्लास्टिकचे काळे डोळे, कडी. साडेचारशेला थोडेसेच कमी पडले. परत येताना ही पूल संपेपर्यंत काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला आकड्यांत ऐकू येतं.

आता प्रश्न शिकायचं कोणाकडे. आगरवाड्याला मिठागरांच्या बाजूला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिचा बायकांचा बचत गट आहे आणि दुपारी तिच्या सोप्यावर बसून त्या बायका कासवं, तारामासे, समुद्रघोडे विणून किनाऱ्यावरच्या दुकानांना देतात. हे मला हिनेच सांगितलं. एक गोष्ट हिने सांगितली नाही, कारण ती तिला ठाऊक नव्हती. नववीच्या वार्षिक परीक्षेत या मुलीला मी गणितात एका गुणाने नापास केलं होतं. तिचं उत्तर बरोबर होतं. पायऱ्या लिहिलेल्या नव्हत्या. "उत्तर आलं कुठून?" असं मी पेपर हातात फडफडवत सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "दिसलं, सर." वर्ग हसला होता. वर्गापेक्षा थोडा जास्त मी हसलो होतो.

"सर, तुम्ही?" ती उठून उभी राहिली. "काकींना शिकायचंय?"

"मला."

सोप्यावरच्या सगळ्या सुया थांबल्या. मग ती म्हणाली, "या. चपला तिकडे काढा." आणि मला एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीशेजारी बसवलं, कारण नवीन आलेले तिथे बसतात.

खेळणं विणायची ही तऱ्हा जपानी. तिला अमिगुरुमी म्हणतात. त्यात रुमालाप्रमाणे ओळ संपवून परतायचं नसतं, चकलीच्या सोऱ्यातून चकली पडते तसं गोल गोल फिरत राहायचं. सुरुवात मॅजिक रिंगने. डाव्या हाताच्या तर्जनीभोवती सूत गुंडाळायचं, त्या वेढ्याखालून सुई घालून सूत बाहेर ओढायचं, एक साखळी, मग त्याच वेढ्यात सहा मुके खांब, आणि शेवटी सुताची शेपटी ओढली की मधलं भोक मिटतं. मी वेढा घातला, खालून सुई घातली, सूत ओढलं, घामाने ते सुईला चिकटलं, चिकटलेलं सोडवताना त्याचे चार पदर चार दिशांना गेले, त्यातल्या दोनांतून मी दुसरा टाका घेतला, हा टाका पहिल्याच्या पोटातून निघून माझ्या अंगठ्याला वळसा घालून पुन्हा रिंगमध्ये शिरला, आणि माझ्या विद्यार्थिनीने, म्हणजे आता माझ्या बाईंनी, "आता शेपटी ओढा" म्हटल्यावर मी आज्ञाधारकपणे ओढली. भोक मिटलं. बोट आत होतं.

शेजारच्या मुलीने कात्री आणून दिली. ती काही बोलली नाही, पण पुढचे सगळे दिवस कात्री तिने स्वतःजवळच ठेवली.

मात्र एक सांगतो. हाताने काही जमत नसलं तरी डोक्याने मला सगळं कळत होतं, आणि हाच घात झाला. पहिल्या फेरीत सहा टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. का? बायका म्हणाल्या, असंच असतं. मी म्हणालो, असंच कसं असेल! आणि सुई खाली ठेवून शिकवायला लागलो. फेरी एकाने वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. म्हणजे परीघ दोन पाय पटीने, सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश उंचींनी वाढतो. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद, म्हणून दर फेरीला सहा टाके जास्त. मोठा खांब घेतलात तर तो दुप्पट उंच, मग तिथे बारा लागतील. "लागतात ना बारा?" मी विचारलं. "लागतात," एक बाई चकित होऊन म्हणाली. मी कृतार्थ झालो. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कोणी चकित झालं नव्हतं. हातात पाट्या असत्या तर मी गृहपाठही दिला असता.

"सर," माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सूत्र बरोबर आहे. तुमचे टाके पाचच आहेत."

मी मोजले. पाच होते. मी परत मोजले, सात आले. सातवा टाका कुठून येतो हे मला अजूनही कळलेलं नाही. फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात खूण अडकवायची असते. हिने त्यासाठी आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली होती, आणि फेरी पूर्ण झाल्यावर ती पिन मी इमानेइतबारे काढून पुढे कुठेही, म्हणजे जिथे जागा मिळेल तिथे, अडकवत होतो. बाई मात्र हातातलं सोलकढीचं भांडं खाली न ठेवता दोन हात लांबून माझ्या विणीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तेवीस. एक गळलाय."

"मोजल्याशिवाय कसं कळलं?"

"दिसलं, सर."

सोप्यावर कोणी हसलं नाही. माझ्यापेक्षा त्या बायका सभ्य निघाल्या.

मग मी ठरवलं की घरी बसून, शांतपणे, आपल्या पद्धतीने एक कवच पूर्ण करून न्यायचं आणि सगळ्यांना गप्प करायचं. रात्री जेवण झालं की पंखा बंद करून (सूत उडतं), चष्म्यावर चष्मा लावून बसायचो. वाढवायचं म्हणजे एका टाक्यात दोन टाके घ्यायचे, इतकं लक्षात होतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घेतले, सहाचे बारा झाले. बरोबर. तिसऱ्या फेरीतही प्रत्येक टाक्यात दोन घेतले, कारण नियम म्हणजे नियम. बाराचे चोवीस. मग अठ्ठेचाळीस. मग शहाण्णव. एकशे ब्याण्णवाला मला वाटलं की कासव जरा मोठं होतंय, पण काम पुढे गेलं की आकार येईल म्हणून मी नेटाने विणत राहिलो, आणि तीनशे चौऱ्याऐंशीच्या मध्यावर सूत संपलं. हातात जे होतं ते सपाटही नव्हतं आणि गोलही नव्हतं. कडेला कड चिकटून, दुमडून, चुण्यांवर चुण्या पडून त्याचा एक गच्च गड्डा झाला होता. ही पाणी प्यायला उठली, दिवा लावला आणि म्हणाली, "एवढ्या रात्री फ्लॉवर कुठून आणलात?"

अंकगणिती श्रेढी आणि भूमिती श्रेढी यांतला फरक मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवला. न कळणाऱ्यांना बाकावर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी तो गड्डा घेऊन सोप्यावर गेलो तो मान खाली घालून नव्हे. मान वर होती, कारण रात्रभर जागून मला आठवलं होतं की असल्या गड्ड्याला गणितात फार मान आहे. बायकांना मी सांगितलं: एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा निघते हे आपण शाळेत शिकलो. एकोणिसाव्या शतकात रशियात लोबाचेव्स्की आणि हंगेरीत बोयाई यांनी दाखवलं की अनेक निघतात अशीही भूमिती असू शकते. पण तिचा पृष्ठभाग डोळ्यांपुढे आणायचा कसा? कागदाचे तुकडे चिकटवून लोक करायचे, ते फाटायचे. १९९७ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या, मूळ लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी क्रोशाची सुई घेतली आणि दर फेरीला टाके ठराविक पटीने वाढवत नेले. झाला तो पृष्ठभाग तयार. हातात धरा, दुमडा, त्यावर दोऱ्याने रेषा शिवा. समुद्रातली पोवळीही अशीच चुण्याचुण्यांची वाढतात, म्हणून २००५ साली मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी लॉस एंजेलिसला क्रोशाचं अख्खं प्रवाळबेट विणायला घेतलं, आणि मग गावोगावच्या, देशोदेशीच्या बायका त्यात आपापली पोवळी विणत गेल्या.

"म्हणजे," मी गड्डा वर धरून म्हणालो, "हे हायपरबोलिक प्रतल आहे."

बराच वेळ शांतता होती. मग शेजारची मुलगी म्हणाली, "मग कासव कुठंय?"

विद्यार्थिनीने मला दयेने सुचवलं की सर, ऑक्टोपस घ्या, सोपा असतो, लांब साखळी करायची आणि परत येताना एका टाक्यात दोन-दोन घ्यायचे की पाय आपोआप वळतात. हे तिचं खरं होतं. २०१३ पासून डेन्मार्कमध्ये वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी असे ऑक्टोपस विणून देतात. बाळ ते वळलेले पाय मुठीत धरतं, नाळ धरल्यागत, म्हणून. गोड कल्पना आहे. पण मी आठ पायांचा हिशोब केला, माझ्या वेगाचा हिशोब केला आणि वयाचा हिशोब केला. कासवाला चारच असतात.

ते चार मी चार वेगवेगळ्या मनःस्थितींत विणले. पहिला पाय भीतीने इतका घट्ट आला की सुई त्यात शिरेना आणि शिरली की निघेना. दुसरा बरा झाला. तिसऱ्याच्या वेळी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, त्यात चौकारांच्या जागी टाके सैल पडले. चौथा, आता आपल्याला येतंय या आनंदात, पहिल्याच्या दुप्पट झाला. सूत तेच, सुई तीच, टाकेही मोजून तेवढेच. बाई म्हणाल्या, हाताची ओढ सारखी लागते. माझी ओढ लहरीवर असते, हे हिला लग्नानंतर लगेच कळलं होतं.

डोळ्यांची गोष्ट निराळीच. हे डोळे डोकं भरून बंद करण्याआधी लावायचे असतात: खिळा बाहेरून घालायचा आणि आतून वॉशर दाबायचा. एकदा 'टक्' असा आवाज झाला की तो डोळा जन्मात निघत नाही, लहान मुलांनी उपटून गिळू नये म्हणून तशीच सोय केलेली असते. मी एक डोळा बसवला. टक्. मग लांब धरून बघितलं आणि दुसऱ्याची जागा ठरवली. टक्. मग चष्मा लावला. एक डोळा समोर बघत होता आणि दुसरा आढ्याकडे, पाल आहे का बघायला.

पोटात भरायचा फायबरचा कापूस आणायचा राहिला होता आणि परत म्हापशाला जायचं म्हणजे हिचं आकड्यांतलं मौन परत ऐकायचं. तेव्हा मी माळ्यावरची जुनी उशी उसवली. सावरीच्या कापसाची, आईच्या वेळची, जावई यायचे तेव्हाच खाली उतरणारी. त्या कापसाचा रेशमी धूर असा काही उठला की सोफा, देवघर, वरणाचं पातेलं आणि माझ्या भुवया एका रंगाच्या झाल्या. तरी कासव भरलं. फार भरलं. माझ्या सैल टाक्यांतून जागोजागी पांढरं डोकावू लागलं आणि दुकानातलं ते बोटभर कासव माझ्या हातून तळहातात न मावणारं होऊन बाहेर आलं.

सोप्यावर ते हातोहात फिरलं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मी सांगितलं की ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवरच्या खवल्यांची संख्यासुद्धा डाव्या-उजव्या बाजूला पुष्कळदा सारखी नसते, तेव्हा थोडा वाकडेपणा हा शास्त्राला धरूनच आहे. "खवल्यांचं खरं असेल सर," विद्यार्थिनी म्हणाली, "पण त्यांचे पाय सारखे असतात. नाहीतर ती ओडिशाहून इथवर आली नसती." हे तिने पेपरात वाचलं होतं: २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ साली गुहागरला अंडी घालायला आली म्हणून. अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा, आणि ठरल्या किनाऱ्यावर. मला अठराव्या टाक्यापासून चोविसाव्यापर्यंत जाताना वाट सापडत नव्हती.

पण किल्ली? किल्ली त्या दिवसापासून हरवली नाही. हरवणं शक्यच नव्हतं. ती खिशात मावत नव्हती, स्कूटरला लावली की मोठा पाय गुडघ्यावर आपटायचा, देवळात गेलो की पोरं भटजींना सोडून माझ्याकडे बघायची, आणि शिवोलीच्या बाजारात मासळीवाली म्हणायची, "मास्तर, ह्याका खावंक कितें घालतात?"

आणि मग ती नदीवरची संध्याकाळ. ओहोटी लागली होती, चोपड्याच्या धक्क्याखाली एक होडीवाला जाळं आवरत होता आणि त्याच्याकडे मुडदुशे आहेत असं मला वाटलं म्हणून मी वाकून बघत होतो. शर्टाच्या खिशात अर्धवट खोचलेलं कासव, त्यातल्या त्यात जड बाजू कोणती याचा विचार न करता खोचलेलं, बाहेर घसरलं आणि चापोऱ्यात पडलं. आता बुडणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर ते तरंगत होतं. सावरीच्या जातीच्या कापसात पाणी पटकन शिरत नाही. पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत असलाच कापूस भरत. किल्लीला पोटाखाली लोंबकळवत, एक डोळा आकाशाकडे लावून, कासव पाण्याबरोबर शांतपणे मोरजीच्या दिशेने निघालं होतं. जिथे जायला हवं तिथेच.

"कासव! कासव!" काठावरचं एक पोर ओरडलं.

पुढचं फार भराभर झालं. पुलाच्या तोंडाशी सूर्यास्ताचे फोटो काढायला थांबलेलं एक परदेशी जोडपं खाली धावलं. मागोमाग दोन स्कूटरवाले, चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या आणि कुठूनशी निघालेली वरात थांबावी तशी दहा-पंधरा माणसं गोळा झाली. "पाय जखमी दिसतोय," कोणीतरी म्हणालं. "वनखात्याला फोन लावा." "पोटातून काहीतरी बाहेर आलंय." "प्लास्टिक खाल्लं असणार." माझ्या एका पायाच्या ओढीवरून समाजात इतकी हळहळ पसरलेली मी प्रथमच बघत होतो. मी होडीवाल्याला ओरडून सांगितलं, "अरे, काढ ते! हाताशी आलंय तुझ्या!"

त्याने वल्हं थांबवलं. कासव त्याच्या होडीला लागून चाललं होतं. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"मास्तर, कासवाक हात लायल्यार केस जाता."

कायदा त्याला पक्का ठाऊक होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यातली पहिली अनुसूची. कासवाला, त्याच्या अंड्याला हात लावायची सोय नाही. इतकी वर्षं किनारपट्टीवर सगळ्यांनी मिळून हेच शिकवलं आणि ते या माणसाने मनापासून ऐकलं होतं. मी आणखी जोरात ओरडलो, "अरे, ते खरं नव्हे! ते माझं आहे!"

"तुमचें?"

"माझं! मी केलंय!"

त्याने एकदा कासवाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाला, "मगीर केस तुमचेर."

शेवटी त्याने वल्ह्याने, हात न लावता, कायद्याच्या चौकटीत राहून ते काठाला ढकललं. मी चपलांसकट गुडघाभर चिखलात उतरून उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, परदेशी जोडप्याने फोटो काढले, आणि मुडदुशे संपले.

तो फोटो कोणी कोणाला पाठवला देव जाणे, दोन दिवसांत तो सगळ्या पेडण्यात फिरला आणि आगरवाड्याच्या सोप्यावरही पोचला. मला बोलावणं आलं. वाटलं, बाई आता हसतील. पण त्या धंद्याचं बोलल्या.

"सर, मोरजीचा एक दुकानदार असलं कासव मागतोय. वाकडं. सरळ म्हणे सगळ्यांकडे मिळतं. दहा-बारा द्यायचीत."

मी घरी आलो, सुई घेतली आणि वाकडं कासव विणायला बसलो. पहिला पाय घट्ट, चौथा सैल, असं मनाशी ठरवून. झाले चारही सारखे. मुद्दाम टाका गाळला, तर मोजताना बरोबर चोवीस. डोळा आढ्याकडे लावायला गेलो तो नेमका समोर बसला, टक्, आणि आता निघायची सोय नाही. ही मागून बघत होती. "बरं झालंय की हो," म्हणाली, आणि त्यात खरंच कौतुक होतं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

ते घेऊन सोप्यावर गेलो. बाईंनी ते दोन बोटांत फिरवून बघितलं आणि सरळ कासवांच्या टोपलीत टाकलं.

"पहिलं कसं केलं होतंत, सर? पायऱ्या लिहून द्या. मी बायकांकडून करून घेते."

मी वही घेतली, वर तारीख घातली, समास सोडला. किल्लीसकट ते पहिलं कासव समोर ठेवलं, सगळ्या बाजूंनी बघितलं. बायकांच्या चार-पाच फेऱ्या विणून झाल्या. शेजारच्या मुलीने वाकून माझ्या वहीत बघितलं आणि बाईंना सांगितलं की सरांनी अजून काहीच लिहिलं नाही.

"असू दे," बाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "एक गुण गेला, सर."